माल्टचा रस: पंप की पिशवी?

यवतमाळकडच्या भाच्यानं विचारलं, जवाच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड रस काढायला रस फिरवणारा पंपवाला सेट घेऊ की कापडी पिशवी पुरेल? (याच रसाची पुढे बीअर होते, पण मी रसापर्यंतच बोलतो. परवान्याशिवाय बीअर करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे.)

खर्चात पिशवीच सरस, पातेलं घरचंच. खरी गोष्ट तापमानाची: भरडलेलं माल्ट गरम पाण्यात 65 ते 67 अंश सेल्सिअसवर तासभर भिजलं पाहिजे. पंप रस धान्याच्या थरातून फिरवत ते सगळीकडे सारखं ठेवतो, रसही नितळ येतो. पण दळण बारीक झालं की थर तुंबतो, आणि लाइन गेली की संपलंच. पिशवीला बारीक भरडा चालतो. गोधडीत गुंडाळलेलं पातेलं मे महिन्यात लवकर निवतही नाही. रस मात्र गढूळ, अन् ओली पिशवी उचलताना कंबर बोलते.

कधीमधी करायचं असेल तर पिशवी घे. दर आठवड्याला एकसारखी चव हवी अन् घरी दमदार इन्व्हर्टर असेल, तरच पंप.