रात्री दम लागतो: आधी कोणाकडे जायचं?

रात्री गुदमरून जाग आली की घरात पहिला सल्ला मिळतो, ‘ॲसिडिटी असेल.’ कधी ती असतेही. पण दमा, कमजोर हृदय आणि स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबणं) हे तिन्ही रात्रीच डोकं वर काढतात, आणि तिघांचे डॉक्टर वेगळे. श्वास कधी अडकतो आणि कशाने मोकळा होतो, एवढं नीट पाहिलं तरी वाट बरीच सापडते.

दमा बहुधा पहाटे ३ ते ५ च्या सुमारास उठवतो. छाती आवळते, श्वास सोडताना सूं-सूं वाजतं, खोकला थांबत नाही. खरा आराम पंपानेच (इनहेलरने) पडतो. असं असेल तर छातीचे डॉक्टर आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी. दिवसा ती नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं ठरत नाही.

हृदयाचा दम आडवं होताच लागतो; एका उशीच्या तीन होतात. किंवा झोपेनंतर एक-दोन तासांनी माणूस धडपडून उठतो, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसतो, आणि पाव-अर्ध्या तासाने श्वास ठिकाणावर येतो. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, हृदयाला ते पेलत नाही आणि फुप्फुसांत तुंबतं. संध्याकाळी नडगीवर बोट दाबून पाहा, खड्डा राहतो का. फसगत होते ती इथे, कारण तुंबलेली फुप्फुसंही दम्यासारखीच वाजतात. म्हणून पन्नाशीपुढच्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला पहिल्यांदाच असा दम लागला, तर माझ्या मते आधी हृदय तपासावं. नुसत्या ईसीजीवर थांबू नये, टूडी इकोही (हृदयाची सोनोग्राफी) करावा. शेजाऱ्याचा पंप ओढून पाहण्यात वेळ घालवू नका.

स्लीप ॲप्नियाचा पत्ता रुग्णाला बहुधा नसतोच, तो बायकोला किंवा नवऱ्याला असतो. जोरात घोरणं मध्येच थांबतं, १० सेकंद किंवा जास्त शांतता, मग हिसका देऊन श्वास. सकाळी डोकं जड, दुपारी गाडी चालवताना डुलकी. मोबाईलवर ते घोरणं रेकॉर्ड करून कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकवा. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेत श्वासाची नोंद घेणारी तपासणी, घरीही होते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र ती दवाखान्यात रात्रभर राहूनच करावी. तोवर दारू नको, मनाने घेतलेली झोपेची गोळीही नको.

ओठ निळसर पडले, गुलाबी फेस थुंकीतून आला, छातीत दुखलं किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर यातलं काहीही ताडून पाहत बसू नका. रुग्णाला बसतं ठेवा आणि १०८ ला फोन लावा.