अकरा महिने, दहा वेळा रक्त: कुत्र्याच्या लिव्हर टेस्टचा माझा अनुभव

गुंड्याच्या पुढच्या उजव्या पायावरचा केसांचा एक चौकोन गेले अकरा महिने धड वाढलेलाच नाही. जरा केस उगवले की पुढच्या सॅम्पलची तारीख येते आणि मशीन पुन्हा फिरतं. दहा वेळा रक्त काढून झालं. एवढ्या वेळा एकच टेस्ट करून घेतल्यावर तिच्याबद्दल चार गोष्टी कळतातच, आणि त्यातल्या बऱ्याच मला सुरुवातीला कोणी सांगितल्या असत्या तर दोन-तीन रात्रींची झोप वाचली असती.

गुंड्या चार वर्षांचा, मिश्र जातीचा, 19 किलोचा. पहाटे झोपेत फिट आली, पंधरा दिवसांनी दुसरी, त्याच आठवड्यात तिसरी. डॉक्टरांनी फेनोबार्बिटल सुरू करायचं ठरवलं, पण पहिली गोळी द्यायच्या आधी रक्त काढायला लावलं. मी कुरकुरले होते. फिट मेंदूत येते, लिव्हर कशाला तपासायचं? त्या म्हणाल्या, "हे औषध लिव्हरमधूनच जातं. आज त्याचं लिव्हर कसं आहे हे लिहून ठेवलं नाही, तर सहा महिन्यांनी आकडा वाढल्यावर आपण तुलना कशाशी करणार?" आज मला कोणी विचारलं की या दहा सॅम्पलांतलं सगळ्यात उपयोगी कोणतं, तर मी ते पहिलंच सांगेन. लिव्हरच्या रिपोर्टात आधी बघतात त्या दोन आकड्यांपैकी तेव्हा एएलटी 41 होता आणि एएलपी 68. दोन्ही मला पाठ आहेत.

आता आधी नावाचीच तक्रार. 'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणून जो कागद हातात येतो, त्यातल्या ज्या आकड्यांकडे आपण सगळे आधी बघतो, ते फंक्शन मोजतच नाहीत. एएलटी (माणसांच्या रिपोर्टात यालाच एसजीपीटी म्हणतात) हे यकृताच्या पेशींच्या आत असणारं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात गळतं. म्हणजे पेशी दुखावल्यात एवढं कळतं, उरलेलं यकृत काम करतंय की नाही ते कळत नाही. उलट यकृत फार जुन्या आजाराने आक्रसून गेलं असेल, तर गळायला पेशीच उरत नाहीत आणि एएलटी नॉर्मल येऊ शकतो. हे ऐकल्यावर मला 'नॉर्मल' या शब्दाचीच धास्ती बसली होती. एएलपी (हेही एन्झाइमच) पित्ताच्या वाटेशी जास्त जोडलेला, पण कुत्र्यांत तो इतक्या कारणांनी वाढतो की एकट्याने त्याचा काही अर्थ लागत नाही. वाढत्या वयाच्या पिल्लांत हाडांमुळेही तो चढलेला असतो.

यकृत काम किती करतंय हे पाहायचं असेल, तर त्याच कागदावर खाली, कोणी न बघितलेल्या ओळी बघायच्या: अल्ब्युमिन, बिलिरुबिन, ग्लुकोज, युरिया, कोलेस्टेरॉल. अल्ब्युमिन यकृतातच तयार होतं. अमोनियापासून युरिया बनवणं हे यकृताचं काम, म्हणून यकृत थकलं की युरिया खाली जातो. अडचण अशी की या ओळी फार उशिरा बोलतात. यकृताकडे इतकी जास्तीची ताकद असते की बहुतांश भाग निकामी होईपर्यंत अल्ब्युमिन आपल्या जागी असतं. शिवाय ते किडनीतून किंवा आतड्यातून वाहून गेल्यानेही उतरतं. म्हणजे वरच्या ओळी लवकर ओरडतात आणि उगाचही ओरडतात, खालच्या खरं बोलतात पण उशिरा.

चौदाव्या दिवशी फक्त औषधाची रक्तातली पातळी बघितली. औषध स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात, त्याआधी बघून उपयोग नाही. इथे एक बारीक गोष्ट: जेल असलेल्या नळीत रक्त ठेवलं तर ते जेल फेनोबार्बिटल शोषून घेतं आणि पातळी खोटी कमी दिसते. आमच्या डॉक्टरांनी साधी नळी मागवली. तुमच्याकडे कोणती वापरतात ते विचारून घ्या, विचारायला लाजू नका.

तिसऱ्या महिन्याचं सॅम्पल मी स्वतः वाया घालवलं. उपाशीपोटी आणायला सांगितलं होतं, आणि मी आणलंही उपाशीच. फक्त सकाळची गोळी नेहमीसारखी लोण्याच्या मोठ्या गोळ्यात घालून दिली. वर तो केविलवाणं बघत होता म्हणून आणखी एक बोट चाटवलं. लॅबमधून निरोप आला की सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पातळ भाग) दुधाळ आहे. रक्तात चरबी तरंगत असली की मशीन प्रकाशाने जे आकडे वाचतं ते बिघडतात. चौथ्या दिवशी परत सुई. तेव्हापासून आमचा नियम: रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास काही नाही, पाणी हवं तेवढं, आणि गोळी नुसती घशात टाकून वर पाणी. उपास आहे म्हणून फिटची गोळी चुकवायची नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

त्या परत काढलेल्या रक्तात एएलपी 294 आणि एएलटी 97 निघाला. लॅबची वरची मर्यादा एएलपीला 150 आणि एएलटीला 100 होती. लाल अक्षरात, बाजूला बाण. मी रात्रभर मोबाइलवर वाचत बसले आणि पहाटेपर्यंत गुंड्याला चार जीवघेणे आजार जडवून मोकळी झाले. सकाळी डॉक्टरांनी कागद बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. या औषधावरच्या बहुतेक कुत्र्यांत एएलपी चढतो, म्हणाल्या. एएलटीही थोडा चढतो. नुसत्या त्यावरून लिव्हर बिघडलं असं धरत नाहीत. एएलपीच्या मानाने एएलटी झपाट्याने वर गेला, अल्ब्युमिन उतरलं, बिलिरुबिन चढलं किंवा कुत्रा खायचा थांबला, तर मात्र लगेच यायचं. गुंड्या तेव्हा त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून उभा होता.

चौथ्या महिन्यात फिट आली, बरीच लांबलेली. दुसऱ्या दिवशी रक्त काढलं तर एएसटी तिप्पट. हे एन्झाइम यकृतात असतं तसं स्नायूंतही असतं, आणि फिटमध्ये सगळं अंग आवळून निघतं. डॉक्टरांनी त्याच रक्तातून सीके पण करायला सांगितलं. ते स्नायूंचं एन्झाइम, आणि ते तर आभाळाला टेकलं होतं. म्हणजे एएसटीचा गोंधळ स्नायूंचा, लिव्हरचा नव्हे. फिट आल्यावर दोन-चार दिवसांत घेतलेल्या रिपोर्टावरून लिव्हरबद्दल मत बनवू नये, हे मी तेव्हा शिकले.

पाचव्या महिन्यात बाइल अ‍ॅसिड टेस्ट. या सगळ्यात मला सर्वात पटलेली तपासणी हीच, कारण ही खरोखर यकृताला कामाला लावून बघते. बाइल अ‍ॅसिड यकृतात बनतात, पित्ताशयात साठतात, जेवल्यावर आतड्यात येतात, तिथून जवळजवळ सगळे परत शोषले जाऊन यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरतात आणि यकृत त्यांना रक्तातून वेचून घेतं. यकृत थकलेलं असेल, किंवा जन्मापासून एखादी शीर यकृताला वळसा घालून जात असेल, तर ते वेचायचे राहून जातात. म्हणून एकदा उपाशीपोटी रक्त, मग थोडं चरबीयुक्त खाणं, मग बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त.

सांगायला सोपं आहे. पहिल्या खेपेला दवाखान्यात सुई टोचल्यावर साहेबांनी समोरच्या वाटीकडे पाठ फिरवली. खाल्लंच नाही तर पित्ताशय आकसणार कसं? अर्धा दिवस वाया. दुसऱ्या खेपेला मी घरून त्याची वाटी नेली आणि त्याला बाहेर झाडाखाली बसून खाऊ घातलं. निकाल आला: उपाशी 14, जेवल्यावर 9. मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. तसं नसतंही. उपाशी कुत्र्याचं पित्ताशय कधीकधी आपणहून आकसतं आणि मग पहिला आकडाच मोठा येतो. डॉक्टर दोन्हींतला मोठा बघतात. त्या लॅबची जेवणानंतरची मर्यादा 25 होती, दोन्ही आकडे तिच्या आत. त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपले. कुत्र्याला कावीळ दिसत असेल तर मात्र सहसा ही टेस्ट करत बसत नाहीत, कारण तिचं उत्तर पिवळ्या डोळ्यांत आधीच आलेलं असतं.

सातव्या महिन्याची गोष्ट सांगताना मला अजून ओशाळायला होतं. एएलपी 912. बाकी सगळं जागच्या जागी, एएलटी 104, अल्ब्युमिन उत्तम. यावेळी डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. पाणी जास्त पितो का? पितो, पण या गोळीने तहान लागतेच. भूक? तीही गोळीनेच वाढलेली. पोट सुटलंय का, कातडी पातळ झाली का? म्हणजे त्या कुशिंग्जचा विचार करत होत्या, ज्यात शरीर स्वतःच जास्त स्टेरॉइड बनवतं. सोनोग्राफीची तारीख ठरली. आणि निघता निघता मी सहज म्हणाले, "कानाचे थेंब संपत आलेत, दुसरी बाटली आणू का?"

थेंब! कान खाजवत होता म्हणून दुसऱ्या दवाखान्यातून आणलेले, गेले सहा आठवडे रोज दोनदा. त्यात स्टेरॉइड होतं. कुत्र्याच्या यकृतात एएलपीचा एक खास प्रकार स्टेरॉइडमुळे तयार होतो, मांजरात तो नसतो. आणि त्यासाठी गोळी किंवा इंजेक्शनच लागतं असं नाही, कानातले, डोळ्यातले थेंब, अंगाला लावायचं मलमही पुरतं. डॉक्टरांनी गेल्या तीन महिन्यांबद्दल मला विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे?" आणि मी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणाले होते, कारण माझ्या डोक्यात कानाचे थेंब हे औषधच नव्हतं. आता माझ्याकडे एक वही आहे. कृमीची गोळी, गोचिडीचं औषध, शाम्पू, कोणी नातेवाइकाने प्रेमाने दिलेलं लिव्हर टॉनिक, सगळं तारखेसह.

थेंब बदलले, सोनोग्राफी पुढे ढकलली. दोन दिवसांत पुन्हा तपासू या का, असं मी विचारलं तर डॉक्टर हसल्या. ही एन्झाइम रक्तातून निम्मी व्हायला कुत्र्यात अडीच-तीन दिवस घेतात, आणि स्टेरॉइडचा परिणाम तर आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. सहा-सात आठवडे थांबायचं ठरलं.

नवव्या महिन्यात घाई होती म्हणून मी दुसऱ्या ठिकाणी रक्त दिलं, आणि ते करू नये असं मी आता ठामपणे सांगेन. एएलटी 118 आला, धस्स झालं, मग बघितलं तर त्या मशीनची वरची मर्यादाच 125. पद्धत वेगळी, तापमान वेगळं, मर्यादा वेगळी. आधीच्या सात महिन्यांच्या ओळीत तो आकडा बसवताच येईना. एएलपी मात्र 430 वर आला होता, तेवढं खरं. शिवाय त्या दिवशी शीर सापडेना, सुई तीनदा टोचली आणि सीरम गुलाबी झालं. तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन आणि एएसटीवर विश्वास ठेवायचा नसतो.

आकड्यांच्या मर्यादेबद्दल एक गोष्ट आमच्या डॉक्टरांनी फार छान समजावली. ती मर्यादा निरोगी कुत्र्यांपैकी 95 टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे वीस निरोगी कुत्र्यांत एक बाहेर पडणारच. आणि एका कागदावर वीस तपासण्या असतील, तर ठणठणीत कुत्र्याच्याही कागदावर एखादी लाल ओळ दिसायची शक्यता निम्म्याहून जास्त. मी आता बाण बघतच नाही. मागच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघते.

ही टेस्ट कोणी करून घ्यावी? दीर्घकाळ फिटची किंवा सांधेदुखीची औषधं चालू असतील त्यांनी, भूल द्यायच्या आधी, आणि लॅब्रॅडोर, डॉबरमन, बेडलिंग्टन टेरियर पाळणाऱ्यांनी जरा जागरूक राहून, कारण या जातींत यकृतात तांबं साठण्याचा आजार आढळतो आणि सुरुवातीला कुत्रा अगदी धडधाकट दिसतो, फक्त एएलटी हळूहळू चढत राहतो. पण ही रक्ताची टेस्ट कारण सांगत नाही, हेही मनात असू द्या. तांबं आहे की संसर्ग की गाठ, हे कळायला सोनोग्राफी आणि शेवटी यकृताचा तुकडा काढूनच बघावा लागतो. आणि डोळे, हिरड्या पिवळ्या दिसल्या, किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगगम पोटात गेलं, तर टेस्टचा विचार नंतर, आधी दवाखाना.

दहावं सॅम्पल गेल्या आठवड्यात झालं. जुन्याच लॅबमध्ये, उपाशीपोटी, लोण्याशिवाय. एएलपी 306, एएलटी 88, अल्ब्युमिन पहिल्या दिवशी होतं तेवढंच. फेनोबार्बिटलची पातळी मात्र मिलिलिटरला 34 मायक्रोग्रॅम आली. 35 च्या वर लिव्हरला धोका वाढतो म्हणून डॉक्टरांनी डोस थोडा उतरवून जोडीला पोटॅशियम ब्रोमाइड सुरू केलंय, ते लिव्हरमधून न जाता किडनीतून बाहेर पडतं. पुढचं रक्त तीन महिन्यांनी. यावेळी डावा पाय द्यायचा असं आमचं ठरलंय.