नऊ महिने लिनक्सवर: भोकं तीन, वायरी दोन

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. माझा २०१७चा लॅपटॉप २०२५च्या फेब्रुवारीपासून लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजच्या जागी वापरता येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालतोय, रोज सहा-सात तास. मुद्रितशोधन आणि भाषांतर हा माझा धंदा. नऊ महिन्यांत कामाचे दोन दिवस बुडाले. एक लिनक्समुळे, दुसरा घरातल्या वायरिंगमुळे. दुसऱ्याबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण त्याचाही आळ मी लिनक्सवरच घेतला होता.

मुळात बदल केला तो नाइलाजाने. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे जाहीर होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. माझा सातव्या पिढीचा. "मावशी, मशीन म्हातारं नाहीये, फक्त त्याच्याकडे कागदपत्रं नाहीयेत," असं माझा भाचा म्हणाला. त्यानेच फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, जुनं विंडोज १२० जीबीत कोंबलं आणि उरलेल्या जागेत मिंट २२.१ टाकलं. विंडोज ठेवायचं कारण एकच: काही प्रकाशक अजून युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाइली पाठवतात आणि त्या उघडायचं सॉफ्टवेअर तिकडेच चालतं. एक प्रामाणिक गोष्ट सांगून टाकते. मशीन पूर्वी दीड-दोन मिनिटांनी जागं व्हायचं, आता वीस सेकंदांत होतं, पण ते बहुतांशी एसएसडीमुळे. हे श्रेय सरसकट लिनक्सला देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पहिल्यांदा इन्स्टॉलेशन निम्म्यात अडकलं, कारण डाउनलोड केलेली फाइल अर्धवट उतरली होती. बेरीज जुळते का, म्हणजे चेकसम, हे तपासायला दोन मिनिटं लागतात. आम्ही ती वाचवली आणि संध्याकाळ घालवली. पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस, वायफाय हे सगळं डिस्कला हात न लावता बघता येतं. आम्ही ते बघितलं, म्हणून वायफाय दिसत नाही हे आधीच कळलं.

त्या वायफाय चिपला कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो. तो उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वायफाय. आपल्या सरकारी कामांसारखंच, दाखल्यासाठी दाखला. तोड अगदी साधी निघाली: फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि टेदरिंग चालू करायचं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला, टिचकी मारली, झालं. खरं म्हणजे झालं नव्हतं. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाच सॉफ्टवेअरची स्वाक्षरी तपासणारी सोय, चालू असेल तर बाहेरचा ड्रायव्हर स्वाक्षरीशिवाय आत येत नाही. त्यासाठी एक पासवर्ड ठरवून मशीन रीस्टार्ट करायचं, निळा पडदा येतो, तिथे तो पासवर्ड देऊन किल्ली नोंदवायची. निळा पडदा दहा सेकंद वाट बघतो आणि मुकाट पुढे जातो. मी त्या वेळी गॅसवरचं दूध बघायला गेले होते. परत आले तर सगळं सुरळीत दिसतंय, फक्त वायफाय नाही. तासभर ड्रायव्हर काढला, घातला, पुन्हा काढला. शेवटी भाच्याने फोनवर विचारलं, "निळं काही आलं होतं का गं?" दुसऱ्या खेपेला मी खुर्चीवरून हलले नाही.

नंतर आठवडाभराने विंडोज उघडलं, तर घड्याळात दुपारचा दीड. बाहेर दिवेलागण झालेली. मदरबोर्डवरचा सेल गेला असं ठरवून मी नवा सेल आणलासुद्धा, आणि लॅपटॉप उघडायला कुणी भेटेना म्हणून वाचले. सेल गेला की घड्याळ भरकटतं, तारीखच कुठल्या कुठे जाते. माझं घड्याळ मात्र रोज मोजून साडेपाच तास मागे. बिघाड इतका काटेकोर नसतो. साडेपाच तास म्हणजे ग्रीनिच आणि आपल्यातलं अंतर. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. दोघांपैकी एकाला समजावलं की पुरे. मी लिनक्सला समजावलं, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीत काम झालं. सेल अजून देवघरातल्या खणात आहे.

एप्रिलमध्ये दुपारी मशीन मध्येच गोठायला लागलं. माउस हलेना, काही दाबलं तरी उत्तर नाही, बटण धरून बंद करायचं. इथे मला लिनक्सची एक गोष्ट मनापासून आवडली. ते सगळं लिहून ठेवतं. जर्नलसीटीएल ही आज्ञा देऊन पुढे '-बी -१' जोडलं की आधीच्या वेळी, म्हणजे गोठण्यापूर्वी काय घडत होतं त्याची वही उघडते. शेवटच्या पानावर प्रोसेसरचं तापमान मर्यादेबाहेर गेल्याच्या आणि म्हणून वेग उतरवल्याच्या ओळी एकाखाली एक. आठ वर्षांत पंखा कधी साफ केला नव्हता. दुरुस्तीवाल्याने आतून जो नमदा काढला तो बघून मला आमची मांजर आठवली, आणि ती जाऊन तीन वर्षं झाली. धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. तेव्हापासून एकदाही गोठलं नाही.

आता टचपॅड.

जूनमध्ये पॉइंटर नाचायला लागला. बोट ठेवलं की थरथरतो, सरकवलं की उडी मारतो, मध्येच स्वतःहून क्लिक होतं. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईला हा शाप आहे. एक स्वल्पविराम काढायला जावं आणि निवडलेला परिच्छेद उचलून भलतीकडे पडावा. एका पुस्तकाचं अख्खं प्रकरण असं विस्कटलं, तो माझा पहिला बुडालेला दिवस. मी अर्थातच लिनक्सला शिव्या दिल्या. सेटिंगमधली संवेदनशीलता बदलली, टॅप करून क्लिक बंद केलं. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, मेनूत जाऊन आधीचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा जुना गाभा, निवडून पाहिलं. सिस्टिमच्या जुन्या प्रती ठेवणाऱ्या टाइमशिफ्टने महिन्यापूर्वीच्या स्थितीत नेऊन पाहिलं. (जाता जाता: टाइमशिफ्ट डीफॉल्ट सेटिंगमध्ये फक्त सिस्टिमची प्रत ठेवतं, तुमच्या फाइलींची नाही. त्या वेगळ्या डिस्कवर ठेवा.) कधी वाटायचं बरं झालं, दोन तासांनी पुन्हा तेच. मग मी तीनशे रुपयांचा माउस आणला आणि विषय सोडला.

पुढच्या रविवारी कोथरूडला बहिणीकडे गेले, लॅपटॉप बरोबर. तिथे दिवसभर काम केलं, चार्जर लावून, टचपॅडवर. एकही उडी नाही. मशीन तेच, मिंट तेच, चार्जर तोच. बदललं होतं ते फक्त घर. रात्री नारायण पेठेत परत आले, चार्जर लावला, पॉइंटर नाचला. चार्जर काढला, शांत. लावला, नाचला. हे बॅटरीवर चालवून बघायचं मला आधी सुचलं नाही याचं कारण आठ वर्षांची बॅटरी चाळीस मिनिटं टिकते आणि मी चार्जर कधी काढतच नाही.

भाच्याला सांगितलं. त्याने विचारलं, "मावशी, लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून हात फिरवला की मुंग्या येतात का?" येतात. वर्षानुवर्षं येतात. मला वाटायचं माझे हातच तसले.

इलेक्ट्रिशियनने मीटर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थच्या भोकामध्येही जवळपास तेवढेच यायला हवेत. आमच्याकडे आकडा कुठे थांबेचना. त्याने बोर्ड खोलला आणि म्हणाला, "काकू, भोकं तीन आहेत, वायरी दोनच." आमची इमारत जुनी, मूळ वायरिंग लाकडी पट्टीवरचं. मधे कधीतरी कुणीतरी तीन पिनांचे बोर्ड बसवले आणि तिसऱ्या भोकामागे काहीच जोडलं नाही. दिसायला अर्थिंग आहे, असायला नाही.

याचा टचपॅडशी संबंध असा. चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि तो गाळ ते अर्थच्या वायरीतून जमिनीत सोडतात. वायरच नसेल तर तो जाणार कुठे? लॅपटॉपचं अंगच अधांतरी व्होल्टेजवर तरंगतं. प्रवाह अगदी किरकोळ असतो, म्हणून मुंग्यांवर निभावतं. टचपॅड मात्र बोटामुळे कपॅसिटन्समध्ये, म्हणजे विजेचा भार धरायच्या क्षमतेत, होणारा इवलासा फरक मोजून चालतो. त्याच्या कानाशी हा ढोल वाजत असेल तर त्याला बोट कुठे आहे ते ऐकू कसं येणार? विंडोजमध्येही तसंच होतं का, हे मी नंतर मुद्दाम पाहिलं. तसंच होतं. तिथे फक्त जुनी फाइल उघडून बदलण्यापुरती दहा मिनिटं जायची, म्हणून जाणवलं नव्हतं.

इलेक्ट्रिशियनने एक जवळची वाट सुचवली: बोर्डात न्यूट्रलला अर्थ जोडून टाकू, मुंग्या जातील. जातात खऱ्या. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली तर फ्रिज, गीझर, लॅपटॉप, सगळ्यांच्या अंगावर थेट वीज येते. मी नको म्हटलं. तुम्हाला कुणी हे सुचवलं तर तुम्हीही नको म्हणा. मग खरं काम: आवारात खड्डा, तांब्याची पट्टी, तिथून वर वायर, आणि मीटरपाशी आरसीसीबी, म्हणजे ३० मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. सामान तपकीर गल्लीत एका फेरीत मिळालं. परवानगीला सात आठवडे लागले, कारण खड्डा कुणाच्या हद्दीत हा प्रश्न मालक, पोटभाडेकरू आणि तळमजल्यावरचं दुकान असा फिरत राहिला. गणपतीच्या आधी काम झालं. टचपॅड आता लोण्यासारखा चालतो. तीनशेचा माउस बहिणीच्या नातवाकडे गेला.

लिनक्समुळे खरोखर बुडालेला दिवस सप्टेंबरातला. अपडेटमध्ये नवं कर्नल आलं आणि वायफायचा तो बंदिस्त ड्रायव्हर त्याच्यासाठी बांधलाच गेला नाही. सकाळी अकराला फाइल पाठवायची आणि जाळ्याचा पत्ता नाही. उपाय पाच मिनिटांचा होता: सुरू होताना ग्रबमध्ये आधीचं कर्नल निवडायचं. पण आदल्या संध्याकाळी अपडेट केलं होतं हेच मी विसरले होते, त्यामुळे राउटरवाल्याला बोलावण्यापासून सगळं केलं. तेव्हापासून वहीत तारीख टाकून लिहिते, काय बदललं ते. आणि डेडलाइनच्या आठवड्यात कर्नलला हात लावत नाही.

प्रिंटर आणि स्कॅनर थोडक्यात. आमचा लेझर प्रिंटर जुना, चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरकडून स्वतःचं सॉफ्टवेअर भरवून घेतो. त्याचं प्लगइन एकदा टाकावं लागलं. नवा घेणार असाल तर ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्या, नेटवर्कवर आपोआप दिसतो. स्कॅनरची गंमत उलटी: नव्या विंडोजसाठी ज्याचा ड्रायव्हरच मिळेना, तो इथे काहीही न करता चालला.

मराठीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माझं पोट त्यावर आहे. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळमांडणी, आतच मिळते, काही उतरवावं लागत नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र शिफ्ट-जे, मग डी, मग य असा पडतो, आणि नीट पडतो. लिबरऑफिसमध्ये (इथलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणाचे. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये ही सोय आहे. एकाच पानावर दोन प्रकारचे ल दिसले की मी आधी भाषेचं सेटिंग बघते, लेखकाला फोन नंतर करते. वर्डच्या गुंतागुंतीच्या फाइलींमध्ये तक्ते आणि तळटिपा थोड्या सरकतात. अंतिम प्रत पाठवताना सोबत पीडीएफ देते.

कुणी घ्यावं? ज्यांचं काम ब्राउझर, लेखन, मेल यात मावतं आणि ज्यांच्याकडे फोनवर "निळं काही आलं होतं का" असं विचारणारं कुणीतरी आहे, त्यांनी. ज्यांचं पोट एका विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी माझ्यासारखं दुघरी राहावं, किंवा राहूच द्यावं.

फिंगरप्रिंट सेन्सर अजून चालत नाही. यूएसबीच्या यादीत तो दिसतो, नावगावासकट, पण त्याचा ड्रायव्हर कुणी लिहिलेला नाही. दर महिन्याला एकदा बोट ठेवून बघते.