पांढऱ्या कोळशाच्या उद्योगासाठी भरलेले दोन लाख आठ हजार

पलूस तालुक्यातील आमच्या गावात ऊसतोड संपली की पाचट पेटवून देण्याची रीत अजून पूर्णपणे थांबलेली नाही. एका हेक्टरात साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. जे शेतकरी ते शेतातच कुजवतात त्यांनी ते विकू नये, कारण जमिनीला त्याची गरज असते. पण जे जाळूनच टाकतात त्यांच्याकडून ते विकत घेऊन पांढरा कोळसा, म्हणजे बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी वापरता येणाऱ्या, दाबून बनवलेल्या कांड्या (ब्रिकेट), तयार कराव्यात असे माझ्या मनात बरेच दिवस होते. माझे यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असल्यामुळे यंत्रांची माहिती घरातच मिळाली आणि 24 लाखांचा आराखडा तयार झाला.

याच सुमारास ओळखीतून एक गृहस्थ घरी आले आणि आपण अनुदान मिळवून देणारे सल्लागार आहोत, असे त्यांनी सांगितले. माझा विश्वास बसला त्याचे कारण हे की, त्यांनी सांगितलेले आकडे खरे होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला 50 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाची मर्यादा आहे, ग्रामीण भागातील महिलेला 35 टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचा हिस्सा 5 टक्केच घालावा लागतो, हे सर्व मी नंतर पडताळून पाहिले तेव्हा बरोबर निघाले. खोटे होते ते एवढेच की, "ताई, तुमचे 8 लाख 40 हजार सात दिवसांत थेट खात्यात येतील."

त्यासाठी त्यांनी प्रकल्प अहवालाचे 15 हजार, अनामत म्हणून 42 हजार आणि शेवटी अनुदानावरचा 18 टक्के जीएसटी म्हणून 1 लाख 51 हजार 200 रुपये घेतले. प्रत्येक मागणीबरोबर शिक्का आणि सही असलेले एक पत्र येत असे, मात्र पैसे दर वेळी कोणत्या तरी व्यक्तीच्या खात्यावर जात होते. शेवटची रक्कम मी दागिने गहाण ठेवून भरली. त्यानंतर फोन बंद झाला.

जिल्हा उद्योग केंद्रात गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला आधी माहीत असती, तर पहिले पंधरा हजारही गेले नसते. या योजनेत अनुदान लाभार्थ्याच्या हातात पडतच नाही. आधी बँक स्वतः तपासणी करून कर्ज मंजूर करते, मग अनुदानाची रक्कम बँकेत आपल्या नावावर तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची पाहणी झाल्यानंतर ती कर्जात वळती होते. ऑनलाइन अर्जाला शुल्क नाही, मध्यस्थ नेमलेला नाही आणि अनुदान मिळवण्यासाठी आगाऊ जीएसटीही भरावा लागत नाही.

आता आठवते की त्या गृहस्थांनी मला उद्योगाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. पुढे मी स्वतः अर्ज भरला तेव्हा बँकेच्या व्यवस्थापकांनी पहिल्याच भेटीत माल कोण घेणार, पावसाळ्यात पाचट कुठे साठवणार, ओलावा जास्त असलेल्या पाचटाची कांडी फुटते त्यावर काय उपाय करणार आणि थ्री फेज वीज किती तास मिळते, असे विचारून मला अक्षरशः घाम फोडला. त्या प्रश्नांमुळे माझा आराखडा सुधारला, साठवणुकीसाठी शेडचा खर्च त्यात आला. स्वच्छ इंधनाचा उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणांना आमच्या भागात खरी गरज अशा प्रश्नांची आणि ते विचारणाऱ्या माणसांची आहे, असे मला मनापासून वाटते.

पोलिसांत तक्रार दिली आहे, परंतु मी लाजेपोटी 19 दिवस गप्प राहिले आणि तेवढ्यात पैसे त्या खात्यांतून पुढे गेले होते. फसवणूक लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवले, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. पलूस, तासगाव किंवा वाळवा भागात कोणाला अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले असेल, तर पैसे भरण्यापूर्वी ते जिल्हा उद्योग केंद्रात दाखवावे. आणि ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी पत्र व पावत्या घेऊन पोलिसांत तक्रार नोंदवावी, म्हणजे एकाच माणसाविरुद्धच्या तक्रारी एकत्र तपासता येतील.