चौपाटीवरचा वाद की रमाबाईंची पत्रं?

ख्रिस्ती धर्माला प्रश्न विचारायचे आपल्याकडचे दोन नमुने बघा. १८५७ साली हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईत समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालायचे, धाडस जबरदस्तच, पण एवढ्या गर्दीसमोर कोण कशाला कबूल करेल की हो, तुमचा हा मुद्दा पटला मला? म्हणून मला पंडिता रमाबाईंची पद्धत जास्त मोकळ्या मनाची वाटते, विष्णुबावांबद्दल पूर्ण आदर आहे तरी. बाईंनी १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तरीसुद्धा तिथल्या मठातल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून विचारतच राहिल्या, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे का मानायचं, चर्च सांगतं म्हणून? श्रद्धा आहे पण डोकं गहाण ठेवणार नाही असा सगळा सूर, आणि परक्या देशात ज्यांच्या आधारावर राहत होत्या त्यांनाच हे लिहायचं म्हणजे सोपं नव्हतं हो.