वाजीकरण चूर्णाचा काही महिन्यांचा अनुभव: गुण, गाळ आणि बदललेले लेबल

अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी, कवचबीज आणि गोखरू या पाच घटकांचे वाजीकरण चूर्ण, म्हणजे लैंगिक इच्छा आणि जोम वाढवण्यासाठी घेतले जाणारे चूर्ण, अनेक कंपन्या विकतात. हा अनुभव लिहिण्याचे कारण चूर्णाचा गुण किंवा अवगुण नसून त्याचे लेबल आहे. काही महिने नियमित घेतल्यानंतर मागवलेल्या नव्या डब्यावर नाव तेच होते, उधळलेल्या घोड्याचे चित्रही तेच होते, किंमत मात्र वाढलेली होती. घटकांच्या यादीत पूर्वी ‘अश्वगंधा (मूळ)’ असे स्पष्ट छापलेले असे, तेथे आता नुसते ‘अश्वगंधा’ उरले होते.

हा फरक क्षुल्लक नाही. परंपरेने पोटात घेण्यासाठी अश्वगंधेचे मूळ वापरतात. पाने मुळापेक्षा स्वस्त पडतात आणि त्यांतील रासायनिक द्रव्यांचे प्रमाणही वेगळे असते. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना पानांचा वापर टाळण्याची सूचना दिली होती. मी ग्राहक सेवेला लेखी विचारले की यात मूळ आहे, पाने आहेत की दोन्ही आहेत. प्रथम उत्तर आले की आमची सर्व उत्पादने शंभर टक्के नैसर्गिक आहेत. पानेही नैसर्गिकच असतात, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले, तेव्हा पुढील खरेदीवर सवलत देणारे कूपन आले. प्रश्न वनस्पतीच्या अवयवाचा होता आणि उत्तर पैशांचे मिळाले, यावरून कंपनी ग्राहकाला काय समजते ते कळले.

आता ज्या दोषाने मला सर्वाधिक छळले त्याकडे वळतो, आणि तो म्हणजे गाळ. डब्यावर लिहिलेले असते की एक चमचा चूर्ण कोमट दुधातून घ्यावे. हे चूर्ण दुधात विरघळत नाही, आणि कितीही ढवळले तरी विरघळणार नाही, कारण ती कुटलेली मुळे आणि बिया आहेत. मुसळी आणि शतावरी यांचा बुळबुळीतपणा दुधाला थोडा दाटपणा आणतो, पण अश्वगंधा आणि गोखरू यांची भरड सरळ पेल्याच्या तळाशी जाऊन बसते. दूध पिऊन झाल्यावर जो थर उरतो तो पाहून मला दररोज एकच हिशेब सुचे, की ज्याचे पैसे मोजले त्यातील चौथा हिस्सा आपण मोरीत ओतत आहोत. पेल्यात पुन्हा थोडे दूध घालून तो गाळ पिणे हा उपाय मी बरेच दिवस केला; त्याने काटकसरीचे समाधान मिळते, परंतु घशाला जी खरखर होते ती झोपेपर्यंत जात नाही.

शेवटी उपाय सांगितला तो आमच्या वैद्यांनी, आणि तो डब्यावर छापायला एक ओळही लागली नसती. चूर्ण आधी चमचाभर साजूक तुपात मंद आचेवर किंचित परतावे, रंग बदलू लागताच त्यावर दूध घालावे आणि एक उकळी येऊ द्यावी. अशा रीतीने केल्यावर कडवटपणा कमी होतो, भरड फुगून मऊ पडते आणि तळाशी राहतो तो थर चमच्याने सहज खाता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे चमच्याचे माप. शास्त्रोक्त मात्रा साधारण 3 ते 6 ग्रॅम अशी असते, आणि डब्यात मापाचा चमचा नाही. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाहिले तेव्हा सपाट भरलेला चहाचा चमचा आणि शिगोशीग भरलेला चमचा यांत जवळपास दुपटीचा फरक निघाला. औषध म्हणून विकायचे आणि माप ग्राहकाच्या हाताच्या अंदाजावर सोडायचे, हे मला अजूनही पटत नाही.

गुणाविषयी माझे मत मध्येच बदलले. पहिल्या काही आठवड्यांनंतर मी हे चूर्ण निरुपयोगी ठरवून टाकले होते, कारण ज्या हेतूने घेतले त्या बाबतीत काहीच जाणवत नव्हते. जाणवला तो फक्त पोटाचा जडपणा. डबा संपवायचा म्हणून घेत राहिलो, आणि नंतर लक्षात आले की झोप सलग लागू लागली आहे. इच्छेतील फरक त्यानंतर जाणवला, तोही हळूहळू. माझ्या पत्नीने त्याची दखल माझ्या आधी घेतली. तिच्या मते फरक प्रथम माझ्या चिडचिडीत पडला आणि बाकीचे त्यामागून आले. परंतु येथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे की दूध उकळून, तूप घालून, वेळेवर पिण्याच्या नियमामुळे रात्रीचे जागरण आणि उशिराचा चहा हे दोन्ही सुटले होते, त्यामुळे श्रेय चूर्णाला किती आणि झोपेला किती हे वेगळे काढता येत नाही.

अश्वगंधेवर झालेल्या चाचण्याही याच दिशेने बोट दाखवतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 तणावग्रस्त प्रौढांपैकी निम्म्यांना 300 मिलिग्रॅम मुळाचा अर्क दिवसातून दोनदा असा 60 दिवस दिला गेला, आणि त्यांच्यातील तणाव व कॉर्टिसॉल (तणावाचे संप्रेरक) कमी झाल्याचे नोंदवले गेले. म्हणजे सिद्धता आहे ती मुख्यतः तणावाबाबत, शिवाय ती संहत अर्काची आहे, डब्यातल्या भरडीची नव्हे. गोखरूविषयी तर माझा भ्रमनिरासच झाला, कारण त्याने टेस्टोस्टेरॉन वाढते हा दावा माणसांवरील बहुतेक चाचण्यांत टिकलेला नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय वाजीकरणाचा आहे. त्यातील योग (औषधांच्या कृती) वाचताना लक्षात येते की तेथे वनौषधींच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्याहून अधिक, दूध, तूप, साखर, उडीद आणि तांदूळ आहेत. शिवाय मनाची प्रसन्नता आणि प्रिय जोडीदार यांना तर सर्व औषधांच्या वर स्थान दिलेले आहे. आजच्या कंपन्यांनी यातील भुकटी तेवढी उचलली आणि अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचे दूध-तूप, ग्राहकाच्या गळ्यात घातले. प्रयोग म्हणून मी मध्यंतरी चूर्ण बंद ठेवून तुपात परतलेल्या उडदाच्या डाळीची दुधातली खीर आठवड्यातून काही वेळा घेतली. तिचा परिणाम चूर्णापेक्षा कमी होता असे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि खर्चात तर तुलनाच नाही; पचायला जड आहे एवढे खरे.

सफेद मुसळी हा या मिश्रणातील सर्वांत महाग घटक आणि म्हणूनच सर्वांत संशयास्पदही. ज्या जातीच्या शास्त्रीय नावात (क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम) बोरिवलीचे नाव आहे ती खरी मुसळी, परंतु बाजारात त्याच नावाने शतावरीच्या कुळातील दुसरी मुळेही विकली जातात आणि भुकटी झाल्यावर डोळ्यांनी फरक ओळखणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. मुसळी घ्यायचीच असेल तर सोललेल्या पांढऱ्या कांड्या अखंड घ्याव्यात. पावसाळ्यात आपण फोडशीची भाजी आवडीने खातो ती याच कुळातली, ही गोष्ट मुसळीचा भाव ऐकताना मला नेहमी आठवते.

कवचबीजाबाबत मात्र काटकसर करू नये. ही खाजकुहिलीची बी आहे. तिच्यात एल-डोपा हे द्रव्य भरपूर असते, जे पार्किन्सनच्या आजारात औषध म्हणून देतात. दुधात शिजवून, टरफल काढून शोधन केलेले, म्हणजे शुद्ध केलेले बीजच वापरायचे असते, आणि लेबलवर ‘शुद्ध’ हा शब्द नसेल तर डबा दुकानातच ठेवावा. मला जो मळमळीचा त्रास रिकाम्या पोटी घेतल्यावर होई, तो वैद्यांच्या मते याच घटकाचा होता. जेवणानंतर दोन तासांनी घेऊ लागल्यावर तो थांबला.

पत्नीने हे चूर्ण घेतले नाही, कारण तिला थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत आणि अश्वगंधेने थायरॉईड संप्रेरके वाढू शकतात. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत, म्हणून मी वार्षिक तपासणीत यकृताची चाचणी जोडून घेतली. ती ठीक आली. ज्यांची तक्रार इच्छेची नसून ताठरतेची आहे त्यांनी डबा मागवण्याआधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे, कारण रक्तवाहिन्यांचा आजार कित्येकदा प्रथम तेथेच दिसतो.

ज्यांना माझा अनुभव संथ वाटतो आणि ‘तासाभरात गुण’ देणारे चूर्ण हवे आहे त्यांनी थोडे थांबावे. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस मनाई आहे, म्हणून लेबलांवर बल, ओज, जोम असे शब्द आणि घोडे दिसतात. वनौषधी तासाभरात काम करत नाही. असे चूर्ण घेतल्यावर डोके दुखून चेहरा लाल होत असेल आणि नाक चोंदत असेल, तर त्यात सिल्डेनाफिल (व्हायग्रा गोळीतील द्रव्य) मिसळलेले असण्याची शक्यता धरावी. अशी भेसळ अनेक देशांतील औषध नियंत्रकांनी वारंवार पकडलेली आहे, आणि हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब तिच्यामुळे जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो.

राहिला प्रश्न पुढे काय घ्यायचे याचा. मोठा डबा ग्रॅममागे स्वस्त पडतो म्हणून मी 500 ग्रॅमचा घेत असे. रोज 5 ग्रॅम घेतले तर तो 100 दिवस चालतो, आणि शार्ङ्गधरसंहिता हा आयुर्वेदाचा ग्रंथ तर सांगतो की चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, म्हणजे त्याचा गुण घटतो. म्हणजे स्वस्त डब्याचा उत्तरार्ध नावापुरताच औषध. आता मी पाच घटकांचे मिश्रण सोडून काष्ठौषधींच्या दुकानातून अश्वगंधेची अखंड मुळे आणतो, मिक्सरमध्ये थोडीथोडी दळतो, वस्त्रगाळ करून काचेच्या बरणीत महिन्यापुरती ठेवतो, आणि तीन महिने घेतल्यावर महिनाभर बंद ठेवतो. दळण्याचा त्रास आहे, घरभर उग्र वास पसरतो आणि मिक्सरचे भांडे दोनदा धुवावे लागते. परंतु भुकटी बारीक असल्याने गाळ निम्म्याहून कमी झाला आहे, आणि आपण मूळच खातो आहोत याबद्दल कोणाला पत्र लिहून विचारावे लागत नाही.