वास नाही, चकाकी नाही, तरी डबा संपत आला: सेरामाइडवाल्या क्रीमचा रिव्ह्यू

ब्रँडचं नाव देत नाहीये, नाव दिलं की सगळे नावावरच भांडत बसतात आणि तसंही या टाइपची क्रीमं आता ढिगाने मिळतात, काय बघायचं ते कळलं की कुठलंही उचलता येतं. मी वापरतेय ते जाड पांढरं क्रीम आहे, सेरामाइडवालं (सेरामाइड म्हणजे त्वचेतच असणारा एक स्निग्ध पदार्थ), बिनवासाचं, चेहऱ्याला आणि अंगाला एकच. माझी स्किन म्हणजे तोंड धुतलं की गालांना ओढ बसते, नाकाच्या कडेला सालपटं निघतात आणि नवीन काही लावलं की लगेच चुणचुण. ज्यांचं असंच आहे त्यांच्यासाठी लिहितेय, तेलकट चेहऱ्यावाल्यांनी हे घेऊन नंतर मला शिव्या देऊ नयेत.

निकाल आधीच सांगते, 5 पैकी 4.

आता अशा क्रीमांच्या बाबतीत सगळे बॅरिअर बॅरिअर म्हणतात ते नक्की काय, तर त्वचेचा सगळ्यात वरचा थर, बहुतेक ठिकाणी जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जाडीचा. पीटर एलायस नावाच्या त्वचाशास्त्रज्ञांमुळे रूढ झालेलं विटांच्या भिंतीचं उदाहरण सगळीकडे देतात आणि ते खरंच चपखल आहे, मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि मधला सिमेंट म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्यात वजनाने साधारण निम्मे सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि बाकी मुख्यतः फॅटी अ‍ॅसिड. हा सिमेंट झिजला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, परफ्युम वगैरे आत शिरतं, म्हणून कोरडेपणा आणि भगभग बहुतेक वेळा जोडीनेच येतात.

आणि इथेच जाहिरातवाले आपल्याला गंडवतात. डब्यावर सेरामाइड एवढ्या मोठ्या अक्षरात छापलं की झालं असं नसतं. याच एलायस यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की बॅरिअर बिघडलेल्या त्वचेवर या तिघांपैकी एकटंच काहीतरी लावलं तर भरून यायला उलट उशीर होतो, तिन्ही सम प्रमाणात असले तर नेहमीच्या वेगाने भरतं आणि त्यातलं एक 3 पट ठेवलं तर अजून लवकर. त्यामुळे मी मागची यादी बघते, सेरामाइडच्या सोबत कोलेस्टेरॉल आणि एखादं फॅटी अ‍ॅसिड आहे का. माझ्या डब्यात तिन्ही आहेत. अजून एक ट्रिक, यादीत जे जास्त ते आधी आणि जे कमी ते नंतर लिहितात, तर त्यात फेनॉक्सीइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे, युरोपच्या नियमात त्याला जास्तीत जास्त 1 टक्क्याची मुभा आहे, त्यामुळे यादीत त्याच्यानंतर जे जे लिहिलंय ते सगळं साधारण 1 टक्क्याच्या आतलंच समजा. सेरामाइड थोडंच लागतं त्यामुळे ते यादीत नंतर आलं तर बिघडत नाही, पण समोर मोठ्याने मिरवलेलं फुलाचं अर्क-बिर्क यादीत अगदी शेवटी कोपऱ्यात दिसतं तेव्हा हसू येतं.

खरं काम करणारी मंडळी यादीत वरच सापडतात आणि ती अगदीच बोरिंग आहेत: ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं आणि पेट्रोलेटम, म्हणजे आपली साधी व्हॅसलीन, ते उडू देत नाही. पेट्रोलेटमला उगाच बदनाम केलंय, पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचं फारच कमी काही आहे. सीटेअरिल अल्कोहोल बघून घाबरू नका, ते मेणासारखं असतं, कोरडं करत नाही. घाबरायचं ते यादीत सुरुवातीलाच बसलेल्या अल्कोहोल डिनॅटला (हे पटकन उडणारं, कोरडं करणारं अल्कोहोल), सुगंधाला आणि ‘नॅचरल’ म्हणून घातलेल्या लॅव्हेंडर, लिंबू टाइपच्या तेलांना, त्यातले लिनालूल, लिमोनीन हे वासाचे घटक हवेशी संपर्क येऊन बदलतात आणि मग अ‍ॅलर्जी देऊ शकतात. क्रीममधला युरिया (तोही पाणी धरून ठेवतो) चांगला, पण चिरलेल्या, सोललेल्या जागी झोंबतो, चेहरा आधीच लाल असेल तर सध्या नकोच.

लावायची पद्धत क्रीमइतकीच महत्त्वाची आहे. कोमट पाण्याने तोंड धुवायचं, टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं, आणि चेहरा अजून ओलसर असतानाच क्रीम लावायचं. बोटाच्या पहिल्या पेराएवढं क्रीम, साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मी ते आधी बोटांत जरा कोमट करते, मग गालावर ठिपके देऊन हलक्या हाताने पसरवते, सुरुवातीला पांढरे ओघळ दिसतात, मग ते मुरतात आणि एक पातळ, किंचित चिकट थर राहतो. ते क्रीम लावल्या लावल्या कसं वाटतं त्यावरून काहीच ठरवू नका, त्या क्षणी तर कुठलंही लोशन मऊच वाटतं, संध्याकाळी गालावरून बोट फिरवा, ओढ नसेल तर क्रीम कामाचं. आणि वरचा थर नवा व्हायलाच 2 ते 4 आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत डबा बदलायची घाई करू नका.

चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडं लावून आठवडाभर बघा. नवीन क्रीम सोललेल्या जागी पहिल्या मिनिटभर किंचित चुणचुणलं तर चालवून घेता येतं, पण दर वेळी भगभगत असेल, लाली वाढत असेल तर बंद. आणि हो, क्रीम सुरू आणि सोबत सालं काढणारी अ‍ॅसिड, स्क्रब, रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा प्रकार) पण सुरू, असं केलं तर क्रीम बिचारं काय करणार! ते सगळं बॅरिअर सावरेपर्यंत कपाटात ठेवा. साबण पण बदला, साध्या साबणाचा पीएच (आम्लपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल) 9-10 असतो आणि त्वचेचा 4.5 ते 5.5च्या आसपास, म्हणजे दोघांचं जमत नाही. खाज झोप मोडत असेल, त्वचेतून पाणी येत असेल किंवा पिवळट खपली धरत असेल तर मात्र क्रीमवर क्रीम थापत बसू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते एक्झिमा किंवा इन्फेक्शन असू शकतं.

आता तो कापलेला स्टार. सकाळी यावर लगेच सनस्क्रीन लावलं की दोन्ही मिळून खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण निघतात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबलं आणि क्रीम निम्मं घेतलं तर निघत नाहीत, पण सकाळच्या गडबडीत एवढं कोण थांबतं. दमट हवेत दिवसा जड होतं, तेव्हा मी ते फक्त रात्री लावते. आणि तो उघडा डबा मला अजिबात आवडत नाही, रोज त्यात बोटं घालायची म्हणजे... मी छोटा स्वच्छ चमचा ठेवलाय पण तो कायम कुठेतरी हरवलेला असतो. हेच क्रीम पंपाच्या बाटलीत मिळतं, पुढच्या वेळी तेच घेणार.